जाळीची पायरी

गाडीचं दार सरकवलं, पायरीवर पाय ठेवला आणि पुढच्याच क्षणी मी हिमाचलातल्या नारकंड्याच्या बर्फात उताणा पडलो. हातातला कप शाबूत राहिला, चहा मात्र सगळा स्वेटरवर आला.

“अहो, लागलं का?” बायकोनं, वैजूनं, दारातून विचारलं.

“नाही. बर्फ बघायला आलोय ना, म्हटलं जरा जवळून बघावा.”

तिच्या खांद्यावरून माझ्या सासूबाईंनी वाकून पाहिलं. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. “उदयराव,” मामी म्हणाल्या, “उठताना आदी कुशीवर वळा. मी पडले तवा डाक्टरनं असंच सांगितलं हुतं.”

मी मुकाट्यानं कुशीवर वळलो आणि उठलो.

तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. उभी हयात विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेली होती. गाडी कुठे आपटली, कशी आपटली आणि मालक किती थापा मारतोय, हे शोधणं हे माझं काम. त्यामुळे स्वतः पडलो तरी कपडे झटकायच्या आधी मी पंचनाम्याला लागलो. रात्री बर्फ पडलेला नव्हता. टपावर नुसता दवाचा पांढरा हात फिरला होता, आजूबाजूचा बर्फ शिळा, साखरेसारखा भुसभुशीत. आणि पायरीवर मात्र काच बसवावी तसा स्वच्छ, गुळगुळीत थर. पाण्याची टाकी गळत असणार म्हणून मी गाडीखाली शिरलो. टाकी बाहेरून ठणठणीत कोरडी होती.

“मग पाणी आलं कुठनं?” वैजू म्हणाली.

“ते कळेल. पण आधी ही पायरी बदलायची. असल्या हवेत सपाट पत्रा कामाचा नाही. जे पडेल ते धरून ठेवतो आणि गोठवतो.”

हे बोलताना मला जड गेलं, कारण ती पायरी मीच निवडली होती. जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन भोसरीच्या एका गॅरेजात आम्ही त्याचं फिरतं घर करून घेतलं होतं. दोन पलंग, ओटा, टाकी, सगळं. दाराच्या आतली मूळची पायरी बुजवून तिथे चपला-बुटांचं कपाट केलं, कारण गाडीत पायताण घालून वावरायचं नाही हा वैजूचा कायदा. मग बाहेर मोठी पायरी लागली. मी दाराएवढा रुंद, नक्षीचा जाड पत्रा बसवला आणि वर काळं पावडर कोटिंग करून घेतलं. ते कोटिंग इतकं सुरेख होतं की सगळ्या प्रवासात पायरी रोज सकाळी धुतल्यासारखी दिसायची. मी ते दोघींना दोन-तीनदा बोलूनही दाखवलं होतं.

वैजू पायरीकडे बघत उभी होती. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. माझ्या आधी मामी उतरल्या असत्या तर?

त्याआधीच्या श्रावणात मामी इस्लामपूरच्या खोलीत मोरीपाशी पडल्या होत्या. एकट्याच राहायच्या. शेजारीण दळण न्यायला आली म्हणून कळलं, नाहीतर किती वेळ तशाच पडून राहिल्या असत्या देव जाणे. खुब्यात स्टीलची पट्टी घातली. तेव्हापासून फोन वाजला की वैजूच्या हातातलं काम सुटायचं. “आई, पुण्याला चल, कायमची चल,” असं ती दर आठवड्याला विनवायची. आणि मामींचं उत्तर ठरलेलं. “लेकीच्या घरात किती दिस बसायचं गं? येते की चार दिस.”

चार दिवस म्हणजे चारच दिवस. पुण्याला आल्या तरी त्यांची पिशवी पलंगाखाली बांधलेलीच असायची. वैजूनं कपाटाचा एक अख्खा खण रिकामा करून दिला होता, त्यात त्यांनी कधी एक पातळही ठेवलं नाही.

या सफरीवर त्या आल्या ते माझ्या एका युक्तिवादामुळे. मी म्हटलं, “मामी, हे घर नाही, गाडी आहे. हिला ना घर नंबर, ना लाईटबिल. हिला लेकीचं घर कोण म्हणेल?” मामींनी त्यावर विचार केला आणि “बरं, बगू,” म्हणाल्या. आता महिनाभर बरोबर राहिल्या तर परतताना त्यांना तशाच पुण्याला न्यायचं, असा वैजूचा बेत होता. तो बेत तिनं मला सांगितला होता, मामींना अर्थातच नाही. पिशवी मात्र गाडीतही बांधलेलीच होती. वैजू रोज तिच्याकडे चोरून बघायची.

त्या दिवशी आम्ही नारकंड्यालाच राहिलो. एका सफरचंदाच्या बागेच्या कडेला गाडी लावायला जागा मिळाली होती. मी पायरीवर मीठ टाकलं, थर खरवडून काढला आणि ठरवलं की उद्या या पाण्याचा छडा लावायचाच.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी घोंगडी पांघरून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो. तिथून बाजूच्या आरशात दार आणि पायरी दोन्ही स्वच्छ दिसत होती. वैजू झोपलेली होती. थोड्या वेळानं मागे स्टोव्ह पेटल्याचा आवाज झाला, मग भांड्याचा. दार हळूच सरकलं. मामी एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातात वाफाळता तांब्या घेऊन, खाली उतरल्या. हाक मारावी तर दचकून पडतील, न मारावी तर तशाही पडतील. मी श्वास धरून बसलो.

मामींनी पायरीवर तांब्या ओतला. वाकता येत नव्हतं तरी वाकून तळहातानं पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं, पुसलं. मग दोन बोटं पायरीला टेकवून कपाळाला लावली.

मी पुढच्या दारानं धावत गेलो आणि त्यांचा दंड धरला.

“मामी, हे काय?”

“काय म्हंजे? पाणी घातलं.”

“अहो, गोठतं ते! काल मी याच्यावरूनच पडलो.”

मामींनी पायरीकडे पाहिलं. कडेचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत पांढरं पडत होतं.

“आगं बया! माझ्यापायी पडला व्हय तुमी?”

“कधीपासून घालताय?”

“पुणं सोडलं त्याच्या दुसऱ्या दिसापास्नं. रोज घालते की.” मग त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं बघितलं. “तुमी रंगाचं कौतुक करत हुता, म्हनून मी काय बोलले न्हाई.”

एवढ्या थंडीतही माझे कान गरम झाले. खाली मैदानी मुलखात पाणी उन्हानं वाळून जात होतं आणि मी पावडर कोटिंगचे गोडवे गात होतो.

“बरं, ते जाऊ द्या,” मी म्हटलं. “पण उद्यापासून हे नको. तुम्ही पडलात तर पुन्हा उभ्या राहणार नाही.”

“न्हाई घालत,” मामी म्हणाल्या. “काय गरज न्हाई. चुकलंच माझं.”

वाद संपला असं मला वाटलं. आयुष्यभर मालक आणि ड्रायव्हर यांची भांडणं ऐकलेल्या माणसाला एका वाक्यात मिटलेला वाद म्हणजे सुखच.

पण मामी त्यानंतर गप्प झाल्या. न्याहारीला वैजूचे पराठे जळके झाले होते, त्यावर काही बोलल्या नाहीत. मी मुद्दाम दोनदा घसरल्याचं नाटक केलं, हसल्या नाहीत. आवराआवर करताना त्यांनी दोरीवर वाळत घातलेलं लुगडं काढलं, घडी घातली, पिशवीत ठेवलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. वैजू पाणी भरायला गेल्याचं बघून त्या माझ्याजवळ आल्या.

“उदयराव, हितनं दिल्लीला मोटार जाती काय?”

“जाते की. का?”

“मला बसवून द्या. फुडं रेल्वेनं जाते मी. तुमी दोघं फिरा निवांत. माझी खोली तिकडं उघडी-वागडी पडलीया.”

“मामी, रागावलात का?”

“राग कशाचा? जावयावर कोन रागावतं? पाव्हण्यानं किती दिस ऱ्हायचं ते पाव्हण्याला कळाय पायजे.” एवढं बोलून त्या खिडकीशी जाऊन बसल्या.

मला वाटलं, म्हातारं माणूस, थंडी सोसत नसेल. पायरीचं काम उरकू, मग वैजू समजूत घालेल.

गॅरेज उतारावर, रस्त्याला लागूनच होतं. मालक बलबीर नावाचा उंच, बोलघेवडा माणूस. थंडीत येणाऱ्या गाड्यांना साखळ्या आणि पायऱ्या बसवणं हाच त्याचा धंदा. त्यानं अंगणात तीन पायऱ्या मांडल्या. एक नळीची, दोन गोल दांड्यांची. एक बटणावर चालणारी, दार उघडलं की बाहेर येणारी आणि मिटलं की गाडीखाली जाणारी. आणि एक जाळीची, लोखंडी पट्ट्यांना दात पाडलेली, खालची जमीन दिसेल अशी.

“सर, ये ऑटोमॅटिक लीजिए,” बलबीर म्हणाला. “दिल्लीवाले सब यही लेते हैं।”

“बर्फात अडकत नाही?” मी त्याला हिंदीतून विचारलं.

“थोड़ा तो अटकेगा सर. गरम पानी डाल दीजिए, खुल जाएगा।”

पुन्हा गरम पाणीच. मला हसू आलं. वैजू शेजारच्या टपरीवरून चहा घेऊन आली होती, तिला मी सकाळची सगळी हकिकत रंगवून सांगितली. आरसा, तांब्या, पावडर कोटिंग, सगळं. मला वाटलं होतं ती पोट धरून हसेल.

तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला. “कुठे घातलं पाणी?”

“पायरीवर. हातानं पुसलं आणि नमस्कार केला.”

“रोज?”

“रोज. आपण निघालो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

“अहो,” ती म्हणाली, “आपल्या पुण्याच्या घरी तिनं कधी उंबऱ्यावर पाणी घातलंय?”

मी आठवून पाहिलं. मामी आल्या की भांडी घासायच्या, झाडू हिसकावून घ्यायच्या, माझ्या शर्टाची बटणंही लावून ठेवायच्या. उंबऱ्याला मात्र वैजूच पाणी घालायची. मामी बाजूला उभ्या राहायच्या.

“नाही घातलं,” मी म्हटलं.

“माझ्या मामाच्या घरी दोन महिने होती, तिथेही नाही. उंबऱ्याचं पाणी घरच्या बाईनं घालायचं असतं. पाहुणीनं नाही. तिनं लग्न झाल्यापासून एकाच उंबऱ्यावर पाणी घातलंय, इस्लामपूरच्या.” वैजूनं पदरानं डोळे पुसले. “आणि तुम्ही तिला सांगितलं, उद्यापासून नको.”

“अगं, त्या पडल्या असत्या.”

“ते खरंच आहे. मीही तेच सांगितलं असतं. त्याचा अर्थ कळूनही.”

मग मी तिला दिल्लीच्या मोटारीचंही सांगितलं. ती गाडीत जाऊन बांधलेली पिशवी बघून आली.

माझ्यासमोर तीन पायऱ्या पडल्या होत्या. शहाणपणाची एकच होती, जाळीची. बर्फ खाली पडणार, चिखल खाली पडणार, बुटाला दात धरणार, मामींचा पाय सरकणार नाही. आणि पाणी ओतलं तर तेही थेंबभर न राहता खाली जाणार. जुना पत्रा ठेवावा तर मामी पडणार. जाळी बसवावी तर मामी जाणार. असला दावा माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

मामी अंगणाच्या कोपऱ्यात उन्हाला खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी जवळचं एक टायर ओढलं आणि त्यावर बसलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. थट्टेचं काहीतरी तोंडाशी आलं होतं, ते गिळलं.

“मामी,” मी म्हटलं, “पायरी मी बदलणार आहे. तुम्ही पडलेलं मला चालणार नाही. पण तुम्ही जाऊ नका. इथूनही नाही आणि पुण्याहूनही नाही. तुम्ही आमच्या घरी राहावं असं मला वाटतं. कायमचं.”

मामींनी माझ्याकडे मान वळवली.

“वैजीनं सांगितलं व्हय असं बोलाय?”

“नाही. मीच बोलतोय.”

“वैजी दर आठवड्याला म्हंती, ये म्हनून. ती म्हननारच, लेक हाय. पर घर तुमच्या नावाचं. तुमी काय म्हनला? ‘ऱ्हावा की मामी, भाडं मागनार न्हाई.’ त्याला आमच्यात चेष्टा म्हंत्यात. बोलावणं न्हाई म्हनत.”

मला खरोखर वाटत आलं होतं की आईला बोलावणं हे लेकीचं काम, आपण मध्ये पडू नये. मध्ये न पडणं हीच सभ्यता, असं मी धरून चाललो होतो. आणि मामी इतके महिने दाराशी उभ्या राहिल्यासारख्या, जावई काय म्हणतो याची वाट बघत होत्या.

“हे बोलावणं आहे,” मी म्हटलं. “चेष्टा नाही.”

मामींनी खुर्चीचे हात धरले आणि उठल्या. “चला, बगू तुमच्या पायऱ्या.”

नळीच्या पायरीवर त्यांनी नुसती नजर टाकली. “ही शिडी हाय. पायरी न्हवं.” बलबीरनं मोठ्या हौसेनं बटणाची पायरी चालू करून दाखवली. ती घुर्र करत बाहेर आली, घुर्र करत आत गेली. मामींनी तोंडाला पदर लावला. “मानूस पाय टाकायच्या आदी आत पळती! असली पायरी दारात ठेवून कुनी यावं तरी कसं?” मी भाषांतर केलं नाही, पण बलबीरला बहुतेक समजलं.

जाळीच्या पायरीवर त्यांनी आधी एक बूट ठेवला, मग वैजूचा हात धरून दुसरा. जरा दाबून पाहिलं. बुटाला चिकटलेला बर्फ पट्ट्यांमधून खाली गळला.

“ही घ्या.”

“पण मामी, यात पाणी राहणार नाही.”

“पायरीवर पाणी कोन घालतं?” त्यांनी मलाच विचारलं. “पायरी ती पायरी. तुमच्या गाडीला उंबराच न्हाई, म्हनून मी पायरीवर भागवत हुते. बगा की दारात. नुसती पत्र्याची खाच हाय. दाराला उंबरा नगं?”

मी आणि वैजूनं दारात वाकून पाहिलं. खरंच नव्हता. भोसरीत मी सगळ्या गोष्टींचा विचार केला होता, मोबाईल चार्ज करायला किती भोकं हवीत इथपर्यंत.

“करून घेऊ,” मी म्हटलं.

बलबीरला हे पटवायला वेळ लागला. लोक आत-बाहेर करताना ठेचकाळू नये म्हणून त्याच्याकडून दारातल्या कडा कापून घेतात, आणि आम्हाला मुद्दाम ठेच लागेल असं लाकूड हवं होतं. “मॅडम को लगेगा,” तो परत परत म्हणत होता. मामींना मी ते मराठीत सांगितलं.

“लागू दे,” मामी म्हणाल्या. “चार दिस लागंल. मंग पाय आपसूक उचलतोय.”

शेवटी त्यानं देवदाराची एक जाड पट्टी शोधली, रंधा मारला, कडा गोल केल्या. वास सगळ्या अंगणात पसरला. आत चिखल येणार नाही हे लक्षात आल्यावर त्यालाही ती कल्पना आवडायला लागली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हेच सुचवतो म्हणाला. खाली जाळीची पायरी चढली, वर उंबरा बसला. पाणी ओतायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, एवढ्यावर मामींनी आणि मी तह केला.

स्क्रू पिळले जात असताना मामींनी वैजूकडे हात पुढं केला. “तुझा फोन दे. आनि त्या घरमालकाला लावून दे.”

“कशाला गं?”

“दे तर.”

वैजूनं नंबर लावून दिला. मामी मोठ्यानं बोलायच्या, फोन लांबचा असला की आणखी मोठ्यानं. सगळ्या गॅरेजला ऐकू जात होतं.

“हां, मी बोलतीया. व्हय, बरी हाय. बर्फ? लई हाय, हितं दुसरं काय न्हाईच. ऐका, खोली मोकळी करते मी. आल्यावर भांडीकुंडी न्हेईन. न्हाई, न्हाई, त्रास कसला, तुमचा काय त्रास नव्हता.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मामींनी वैजूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कुटं म्हंजे?” त्या म्हणाल्या. “माझ्या घरला.”